तळणीचीं दोन मिनिटें

गेल्या आषाढांत दिव्यांच्या अवसेस आमचा मुक्काम मलकापुरास एका स्नेह्यांच्या घरीं होता. घर जुनें, माणसें तीन पिढ्यांचीं. चालीप्रमाणें माळ्यावरचे सारे दिवे खालीं काढून घांसावयास घेतले होते, आणि त्यांबरोबरच वाडवडिलांच्या वेळचें एक कांचेचें झुंबरहि पुसण्यासाठीं उतरविलें होतें. त्याचा एक लोलक घरांतल्या अकरा वर्षांच्या मुलाच्या हातीं लागला. पावसानें घटकाभर उसंत घेतली, खिडकींतून उन्हाची तिरीप आंत आली, आणि मुलानें लोलक तिच्यांत धरितांच समोरच्या पांढऱ्या भिंतीवर तांबड्यापासून जांभळ्यापर्यंत रंगांचा पट्टा उमटला.

त्यावरून बोलणें निघालें तें सूर्यावर, आणि सूर्यावरून ग्रहणावर. 2 ऑगस्ट 2027 रोजीं, म्हणजे अशाच एका दिव्यांच्या अवसेस, दुपारनंतर महाराष्ट्रांत खंडग्रास सूर्यग्रहण दिसावयाचें आहे, हें मुलानें शाळेंत ऐकलें होतें. तो म्हणाला, "आजी, मी तें पाहणारच." आजी म्हणाल्या, "ग्रहण पाहूं नये रे बाळा, डोळे जातात." यावर मुलाचे काका हंसून म्हणाले, "माई, तो काळ गेला आतां. कपाटांत क्ष-किरणांची जुनी फिल्म पडली आहे. ती डोळ्यांपुढें धरली कीं झालें!" आणि मग दोघांनींहि न्यायासाठीं आमच्याकडे पाहिलें.

वाचकहो, असा न्याय करणें सोपें वाटतें. पण या वादांत एका मुलाचा डोळा पणास लागलेला होता. माईंचें म्हणणें निव्वळ भाबडेपणाचें म्हणावें तर तें खोटें ठरलें असतें, आणि काकांचें सुधारकी म्हणून मान्य करावें तर तें घातक ठरलें असतें. आपल्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरीं हाच वाद केव्हां ना केव्हां होणार, म्हणून त्या दिवशीं जें बोललों तें थोडें विस्तारानें येथें लिहीत आहों.

प्रथम त्या लोलकाविषयीं. प्रकाश पोकळींतून सेकंदास सुमारें 3 लक्ष किलोमीटर धांवतो. साध्या कांचेंत शिरला म्हणजे त्याचा वेग सुमारें 2 लक्षांवर येतो. वेग कमी झाल्यानें वाट कां वांकावी, हें वऱ्हाडांत राहणारास समजावून सांगण्याची गरज नाहीं. बैलगाडी पक्क्या सडकेवरून तिरपी उतरून ओल्या काळ्या जमिनींत शिरूं लागली, कीं जें चाक आधीं चिखलांत जातें तें मंदावतें, दुसरें अजून सडकेवर असल्यामुळें पुढें सरतें, आणि गाडी आपोआप एका अंगास वळते. गाडी सरळ समोरून उतरली तर मात्र ती मंदावते, पण वळत नाहीं. प्रकाशाचेंहि तसेंच आहे. यासच शास्त्रांत वक्रीभवन म्हणतात. आतां जांभळा प्रकाश कांचेंत तांबड्याहून किंचित् अधिक मंदावतो, म्हणून तो अधिक वळतो; आणि लोलकाच्या दोन तिरप्या अंगांतून दोन वेळां वळतांना एकत्र आलेले रंग एकमेकांपासून सुटतात. लोलक रंग निर्माण करीत नाहीं. उन्हांत जे आहेतच ते तो निवडून वेगळे करितो, सुपांत धान्य पाखडावें तसे.

भिंग म्हणजे असे अनेक लोलक गोलाकार जोडले आहेत अशी कल्पना करावी. मध्यभागीं जाड व कडेस पातळ असें भिंग कडेचे किरण अधिक व मधले कमी वळवितें, आणि दूरवरून समांतर आलेल्या सर्व किरणांस एके ठिकाणीं गांठतें. भिंगापासून त्या ठिकाणापर्यंतचें अंतर तें नाभ्यंतर. पोकळ गोलाईचा आरसाहि हेंच काम करितो, पण किरणांस कांचेंत न शिरूं देतां परतवून करितो. म्हणून त्यांत रंग फुटत नाहींत. भिंगाच्या प्रतिमेस रंगीत झालर येते व ती घालविण्यासाठीं दोन जातींच्या कांचा जोडाव्या लागतात. आरशास तो रोगच नाहीं. मोठमोठ्या दुर्बिणी आरशांच्या करितात, त्याचें हें एक कारण आहे.

आतां हीं तिन्ही साधनें, भिंग, लोलक व आरसा, आपल्याच प्रांतांत एकदां कशीं कसास लागलीं तें पहा.

22 जानेवारी 1898, शनिवार, शके 1819 ची पौष अमावास्या. त्या दिवशीं चंद्राची गडद छाया कोंकण किनाऱ्यावर विजयदुर्गाच्या बाजूस भूमीवर उतरली आणि घाट चढून, सोलापूर जिल्ह्यांतील जेऊरवरून ईशान्येस सरकत, वऱ्हाडाचा पूर्वभाग ओलांडून नागपूरकडे व पुढें बक्सरकडे गेली. विजयदुर्गास सर नॉर्मन लॉकियर आले होते. जेऊरास अमेरिकेंतील लिक वेधशाळेचे कँबेल उतरले होते, आणि तेथेंच पुण्याच्या सायन्स कॉलेजांतील प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला यांनीं आपल्या मंडळींसह तळ दिला होता. ब्रिटिश ॲस्ट्रॉनॉमिकल असोसिएशनची एक तुकडी वऱ्हाडांत तळणीस गेली. तळणी हें धामणगांव व पुलगांव यांच्या दरम्यानचें लहानसें स्टेशन. मुंबईहून तेथें जाणारा लोहमार्ग भुसावळ सोडल्यावर मलकापुरावरून, शेगांव, अकोला, बडनेरा असा जातो. म्हणजे ज्या स्टेशनावर आम्ही आदल्या दिवशीं उतरलों, त्याच मार्गानें त्या कांचा गेल्या.

मलकापुरास मात्र त्या दिवशीं खग्रास दिसलें नाहीं. हें गांव छायेच्या पट्ट्याच्या वायव्येस, बाहेर राहिलें. येथें सूर्याची बारीक कोर शिल्लक राहिली. "एवढ्याशा कोरेनें काय बिघडतें?" असें मुलानें विचारलें. पुष्कळ बिघडतें. सूर्याभोंवतीं जो मोत्यासारखा पांढुरका किरीट असतो, त्याचा सारा उजेड पौर्णिमेच्या चंद्राएवढा. सूर्यबिंब त्याहून सुमारें दहा लक्ष पट तेजस्वी. म्हणजे बिंबाचा शंभरावा हिस्सा जरी उघडा राहिला, तरी तो किरीटाहून दहा हजार पट प्रखर, आणि किरीट त्यांत बुडून जातो. बिंब पुरतें झांकलें पाहिजे, आणि तें त्या दिवशीं झांकलें गेलें सुमारें दोन मिनिटें. समुद्र ओलांडून आलेल्या मंडळींच्या साऱ्या खटपटीचा निकाल त्या दोन मिनिटांत लागावयाचा होता.

तळणीच्या तुकडींत ग्रिनिच वेधशाळेचे वॉल्टर माँडर होते आणि त्यांच्या पत्नी ॲनी माँडर होत्या. या बाईंची हकीकत आमच्या भगिनींनीं अवश्य लक्षांत ठेवावी. केंब्रिजच्या गर्टन कॉलेजांत गणिताचें उच्च शिक्षण घेऊन त्या 1891 सालीं ग्रिनिच वेधशाळेंत गणनेच्या कामावर लागल्या. 1895 सालीं विवाह झाला आणि तेथील नियमानुसार विवाहित स्त्री म्हणून त्यांस नोकरी सोडावी लागली. नोकरी गेली, विद्या गेली नाहीं. कॉलेजकडून मिळालेल्या साहाय्यांतून त्यांनीं एक लहानसा कॅमेरा सिद्ध केला. त्याचें भिंग अवघें दीड इंच रुंद व नऊ इंच नाभ्यंतराचें होतें. जेऊरास कँबेल यांनीं उभारलेल्या कॅमेऱ्याचें भिंग पांच इंचांचें, आणि नाभ्यंतर तब्बल चाळीस फूट! या दोहोंची तुलना हीच भिंगाची विद्या शिकण्याची उत्तम शाळा आहे.

येथें एक आंकडा सांगतों, तो आमच्या वाचकांच्या घरीं सहज पाठ राहील. सूर्याचा व्यास जेवढा, त्याच्या जवळजवळ 108 पट त्याचें आपल्यापासूनचें अंतर आहे. म्हणून कोणतेंहि भिंग सूर्याची जी प्रतिमा पाडतें, तिचा व्यास नाभ्यंतराच्या एकशेंआठव्या हिश्श्याएवढा असतो. जपमाळेचे मणीहि तितकेच, हा योगायोग आम्ही केवळ स्मरणास सोपा म्हणून सांगत आहों. त्यावर कोणताहि सिद्धांत रचण्याचा आमचा विचार नाहीं.

आतां हिशेब करा. चाळीस फूट म्हणजे 480 इंच; त्यांस 108 नें भागिलें म्हणजे सूर्यप्रतिमा सुमारें साडेचार इंचांची, हातांत धरून पाहावी अशी. नऊ इंचांस 108 नें भागिलें म्हणजे इंचाचा बारावा हिस्सा, मोहरीच्या दाण्याएवढा. पहिल्या कॅमेऱ्यांत सूक्ष्म तपशील दिसणार हें उघड आहे. परंतु प्रकाश किती दाट पडतो, हा प्रश्न निराळा. जेऊरचें नाभ्यंतर भिंगाच्या रुंदीच्या 96 पट होतें, तळणीचें सहा पट. 96 हे सहाच्या सोळापट, आणि प्रकाशाची दाटी त्याच्या वर्गाप्रमाणें, म्हणजे 256 पट! दुधाचा तोच मापभर सांठा मोठ्या परातींत पसरला तर तळ दिसतो आणि वाटींत ओतला तर भरून राहतो, तसा हा प्रकार. मोठा कॅमेरा सूर्याच्या कडेशीं काय चाललें आहे तें दाखवील. पण कडेपासून दूर, जेथें किरीट विझत जातो, तेथील मंद उजेड लहान कॅमेऱ्याच्याच कांचेवर उमटेल.

आणि झालेंहि तसेंच. ॲनी माँडर यांच्या फोटोंत किरीटाचा एक किरण सूर्यापासून सुमारें साठ लक्ष मैल, म्हणजे सूर्याच्या व्यासाच्या सातपट अंतरापर्यंत गेलेला दिसला. इतका दूरवर गेलेला किरण तोंवर कोणाच्याहि फोटोंत उतरला नव्हता. मोठ्या साधनास जें साधलें नाहीं तें लहान साधनास साधलें, याचें कारण दैव नव्हे. कोणत्या कामास कोणतें भिंग, हें बाईंनीं आधीं नीट जाणलें होतें. ज्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीचीं दारें स्त्रियांस बंद होतीं, तिनें 1916 सालीं तीं उघडल्यावर ॲनी माँडर तिच्या सभासद झाल्या.

त्याच तळणीच्या रानांत जॉन एव्हरशेड लोलक घेऊन बसले होते. सूर्य झांकला जाण्याच्या क्षणीं व पुन्हां उघडण्याच्या क्षणीं, एक-दोन सेकंदच, सूर्याच्या वातावरणाची केसासारखी बारीक कोर एकटी चमकते. तिच्यापुढें लोलक धरिला म्हणजे एका कोरेच्या अनेक कोरी होतात. हायड्रोजनच्या रंगाची एक, कॅल्शियमच्या रंगाची एक, अशी प्रत्येक वायूची सही वेगळी उमटते. एव्हरशेड यांनीं डोळ्यांस न दिसणाऱ्या, जांभळ्यापलीकडच्या प्रकाशांतील सह्या कांचेवर घेतल्या. हायड्रोजनच्या रेषा एका बाजूस अधिकाधिक दाट होत जाऊन एका मर्यादेशीं थांबतात. त्या मर्यादेपलीकडेहि एक सलग मंद उजेड आहे असें त्यांस आढळलें. अणूच्या रचनेचा उलगडा पुढें झाला, तेव्हां त्या उजेडाचाहि अर्थ लागला. हेच एव्हरशेड 1907 सालीं कोडाईकनालच्या वेधशाळेंत आले आणि पुढें तिचे प्रमुख झाले.

राहिला आरसा. नायगमवाला यांच्या पुण्याच्या वेधशाळेस भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांचें नांव होतें, आणि तेथें डब्लिनच्या ग्रब यांच्या कारखान्यांतील वीस इंची आरशाची दुर्बीण होती. त्या काळीं हिंदुस्थानांत तिच्याएवढी दुसरी नव्हती. 1912 सालीं ती कोडाईकनालला हलविण्यांत आली.

विजयदुर्गाविषयीं एक गैरसमज आपल्याकडे फार पसरला आहे, तोहि येथेंच दूर केलेला बरा. हीलियम वायूचा शोध लॉकियर यांनीं 1868 सालीं विजयदुर्गावरून लाविला, असें पुष्कळ ठिकाणीं सांगतात. 18 ऑगस्ट 1868 च्या ग्रहणाच्या वेळीं फ्रेंच ज्योतिषी जान्सेन गुंटूरास होते, आणि लॉकियर त्या वर्षीं इंग्लंडांतच होते. तेथूनच त्यांनीं ऑक्टोबरांत, ग्रहणाची वाट न पाहतां, सूर्याच्या कडेची ती पिवळी रेषा पाहिली. विजयदुर्गास ते आले 1898 सालीं. खऱ्या इतिहासानें त्या किल्ल्याचा मान कमी होत नाहीं.

इतकें सांगून झाल्यावर आम्ही मूळ वादाकडे वळलों. माईंस म्हटलें, "आपण म्हणतां कीं डोळे जातात, तें खरें आहे. पण तें ग्रहणामुळें नव्हे, सूर्याकडे पाहिल्यामुळें. एरव्हीं सूर्याकडे कोणी टक लावीत नाहीं. ग्रहणाच्या दिवशीं लावितात, एवढाच फरक." आपल्या डोळ्यांतहि भिंग आहे, आणि त्याचें नाभ्यंतर सुमारें 17 मिलिमीटर. त्यास 108 नें भागा: सूर्याची प्रतिमा मिलिमीटरच्या सहाव्या हिश्श्याएवढी, टांचणीच्या टोंकासारखी. ती पडते ती नेमकी डोळ्याच्या पडद्यावर जेथें नजर सर्वांत तीक्ष्ण असते तेथें, जेथल्या बळावर आपण हीं अक्षरें वाचतों. आणि या पडद्यास वेदना कळत नाहीं. बोट पोळलें तर आपण हात मागें घेतों. येथें मूल पाहत राहतें, आणि कांहीं तासांनीं वाचावयास बसतें तेव्हां ओळीच्या मधोमध डाग दिसतो. तो पुष्कळदां जन्मभर जात नाहीं.

मग काकांस म्हटलें, "आपली फिल्म उजेड कमी करिते, यांतच तिचा घात आहे." उजेड कमी झाला म्हणजे डोळा दिपत नाहीं, बाहुली मोठी होते, माणूस निर्धास्तपणें पाहत राहतो, पण न दिसणारे तप्त किरण फिल्मींतून आंत येतच असतात. काजळी धरलेली कांच, रंगीत गॉगल, फोटोची जुनी फिल्म, पाण्यांतलें प्रतिबिंब, हीं सर्व एकाच माळेचीं. पाहावयाचेंच तर त्यासाठीं खास केलेले, आय्‌एस्‌ओ 12312-2 या मानकाचे, विश्वासाच्या ठिकाणाहून घेतलेले व चरा न पडलेले चष्मे घ्यावे, अथवा चौदा नंबरची वेल्डिंगची कांच घ्यावी. आणि असा चष्मा लावूनहि दुर्बिणींतून कधीं पाहूं नये. दुर्बिणीचें भिंग तो चष्माच जाळील.

काकांनीं ती फिल्म आमच्यासमक्षच फाडली. परंतु माईंचा प्रश्न उरला होता. ग्रहणांत घराबाहेर पडावयाचें नाहीं, हा त्यांचा नेम. आम्ही म्हटलें, "माई, आपण बाहेर जाऊं नका. सूर्यास आपण माजघरांत आणूं."

घरांतला एक हातआरसा घेतला. त्यावर काळा कागद चिकटवून कागदास बोटाच्या पेराहून लहान असें चौकोनी भोंक पाडलें. अंगणांत पुन्हां ऊन पडतांच आरसा ओट्यावर टेकवून उजेड दारांतून आंत, माजघराच्या दूरच्या अंधाऱ्या भिंतीवर पाडला. भोंक चौकोनी, पण भिंतीवर डाग पडला तो गोल! मुलगा बुचकळ्यांत पडला. तो डाग भोंकाचा नव्हता, सूर्याचाच होता. एवढें लहान भोंक भिंगावांचूनहि प्रतिमा पाडतें. मात्र भिंत दूर पाहिजे. आरशापासून भिंत तीस फूट होती. मुलानें लागलीच 360 इंचांस 108 नें भागिलें, सव्वातीन इंचांहून किंचित् अधिक आले, आणि टेप घेऊन डाग मोजला तो साडेतीन इंच भरला. भोंकाच्या रुंदीनें कडा थोड्या पसरतात, तो फरक त्याचा. सूर्याची कोर झाली म्हणजे भिंतीवरहि कोरच दिसेल, आणि घरांतील दहाबारा माणसें एकदम ती पाहतील. आरशांत मात्र कोणी डोकावूं नये, आणि तो मोठ्या माणसाच्या हातीं असावा. चाळणी उन्हांत धरून जमिनीवर पडणारे ठिपके पाहिले तरी तोच चमत्कार दिसेल. पिंपळाखालीं तर पानांच्या फटीच ही योजना करून ठेवितात.

माई कांहीं वेळ त्या गोल डागाकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "हें पाहण्यास माझी कांहीं हरकत नाहीं. मी येथें माजघरांत जप करीत बसेन आणि समोर पाहीन."

1898 सालीं दोन मिनिटांसाठीं जें करावें लागलें तें आतां अन्य उपायांनींहि साधतें, हें आम्ही मुलास सांगितलें. 2 सप्टेंबर 2023 रोजीं भारतानें सोडलेलें आदित्य-एल 1 हें यान 6 जानेवारी 2024 पासून पृथ्वीपासून सुमारें पंधरा लक्ष किलोमीटरांवर राहून सूर्य पाहूं लागलें. त्यावरील एका यंत्रांत, जें बेंगळुरूच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेनें बनविलें, एका आरशाच्या मध्यभागीं भोंक ठेवलें आहे. सूर्यबिंबाचा उजेड त्यांतून निघून जातो आणि कडेचा मंद किरीट तेवढा आरशावरून पुढें परततो. चंद्राचें काम एका भोंकानें केलें! त्याच यानावर जांभळ्यापलीकडच्या प्रकाशांत सूर्याचीं छायाचित्रें घेणारी दुर्बीण आहे, ती पुण्याच्या आयुका संस्थेंत सिद्ध झाली.

2027 सालच्या त्या अवसेस आषाढाचे ढग आड येण्याचा संभव पुष्कळ आहे, हेंहि मुलास सांगून ठेविलें. निराशा आधीं ठाऊक असलेली बरी. तसें झालें तर 20 मार्च 2034 रोजीं काश्मीर व लडाखकडे खग्रास आहे, आणि आपल्याकडे तें खंडग्रास दिसेल. तेव्हां तो मुलगा विशीच्या घरांत असेल, आणि आरसा धरणारें मोठें माणूस तोच असेल.

निघतांना झुंबर पुन्हां टांगलें गेलें होतें. एका लोलकाची जागा मात्र रिकामी होती. तो कोठें आहे हें साऱ्या घरास ठाऊक होतें, आणि माईंनीं त्याची चौकशी केली नाहीं.